रत्नागिरीला न उतरलेला मायाप्पा

शहापुरात कल्लाप्पाला नावं ठेवणारी माणसं अजून आहेत. बाप दर्यात गेला तर त्याला घाट चढवून घरी आणलं, आणि आई निपाणीत गेली तर तिला दोन तासांच्या वाटेवरून आणवलं नाही, असं ती म्हणतात. मायाप्पाची समाधी शहापुरात आहे, गंगव्वाची निपाणीत. मायाप्पाच्या शेजारी तिच्यासाठी राखलेली जागा तशीच पडून आहे आणि तिथं गाजरगवत माजलं आहे. कल्लाप्पा कुणाला उत्तर देत नाही. मागच्या महिन्यात घरी आला होता तेव्हा जाता जाता म्हणाला, "आक्का, मी सांगिटलं तर पोरगा सोताची बाजू घेतोय म्हनतील. तुमी हुता बोटीवर. तुमीच लिवा." म्हणून लिहिते आहे.

गंगव्वा आमच्याकडे यायची ती अमावास्येला. त्या दिवशी शहापूरचे माग बंद असतात, त्यामुळे महिन्यातला तेवढा एक दिवस तिला मोकळा. डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन ती टिळकवाडीतल्या आमच्या घरी चालत यायची, गाठोडं अंगणातल्या बाकावर टेकवायची आणि आधी विचारायची, "आज काय शिजतंय, आक्का?" आम्ही मासे खाणारी माणसं. ती लिंगायत, गळ्यातल्या चांदीच्या डबीत लिंग बांधलेली. घरात मासे असले तर पायरीसुद्धा चढायची नाही. चहा शेवग्याखाली बसून प्यायची, तोही गाठोड्यातल्या स्वतःच्या पेल्यातून. "तुमचं मांजर बघा कसं तुकतुकीत हाय. आमचं बिचारं ताकावर दिवस काढतंय," असं म्हणून हसायची. आदल्या दिवशी तळलेल्या बांगड्याचा वास तिला फाटकातच कळत असे. तिच्या नाकाची ही गोष्ट आधी सांगून ठेवते, कारण पुढं तीच माझ्या ध्यानात आली.

साडी दाखवताना ती उलटी बाजू वर करून पसरायची. "सुलटी कोनबी दावतंय. ही बघा, एक गाठ गावली तर फुकट न्या." मला कधी गाठ सापडली नाही. साडी विणलेली मायाप्पाची असायची, पण बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, कांड्या भरून दिलेल्या तिच्या. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती रहाटावर बसून कांड्या भरत होती. नवरा-बायकोचं दिवसाचं बोलणं म्हणजे आतल्या खोलीतून रहाटाची कुरकुर आणि पुढच्या खोलीतून मागाचा ठोका. ठोका थांबला की ती हात थांबवून कान द्यायची.

मायाप्पा खड्ड्याच्या मागावर विणायचा. शहापूरच्या जुन्या घरांतून हे माग जमिनीलगत बसवलेले असतात; खाली खड्डा असतो आणि विणणारा काठावर बसून पाय आत सोडतो. पोरवयात तो त्या काठावर बसला तो जन्मभर. लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, आणि बसलेल्यालाच मातीत ठेवतात. मायाप्पा त्यावरून थट्टा करायचा. "आमचं लई बरं हाय, वकीलसाहेब," तो आमच्या ह्यांना म्हणायचा. "जित्तेपनी खड्ड्यात बसायची सवय झाली. मेल्यावर नवं काय शिकाय नगं." गंगव्वा चिडायची. "गप बसा. आमवाश्येला ह्येच बोलनं सुचतंय व्हय?" पण दोघांनी जागा मात्र बघून ठेवली होती. मायाप्पाच्या बापाच्या समाधीजवळ दोघांपुरती जमीन होती, आणि कल्लाप्पाला ती दाखवूनही ठेवली होती.

एकोणीसशे ऐंशीच्या दिवाळीनंतर मायाप्पाचा घास अडकायला लागला. आधी भाकरी जाईना, मग भात जाईना. संक्रांतीच्या सुमाराला आंबील तेवढी घशाखाली उतरायची. बेळगावच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. मुंबईत त्याचा पुतण्या भरमा एका गिरणीत पहारेकरी होता. त्याच्या खोलीत राहून गंगव्वानं उन्हाळा काढला. वैशाखात तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता इथं करण्यासारखं काही नाही, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय ते गंगव्वाला कळलं. मायाप्पालाही कळलं असावं, कारण त्यानं फक्त एवढंच विचारलं, "कवा निघायचं?"

जाताना एस.टी.त त्याचे फार हाल झाले होते. भरमानं बोटीची तिकिटं काढली. "काकी, बोटीत आडवं पडून जाता येतंय. दुसऱ्या दिशी सकाळी पणजी. तिथनं बेळगाव काय लांब?" भरमाला पाळी सोडता येईना, म्हणून दोघंच निघाली.

त्याच बोटीवर आम्ही होतो, हा योगायोग. भाचीच्या लग्नाला मुंबईला गेलो होतो. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, ह्यांचं आजोळही किनाऱ्यावरचं. लहानपणी केलेला तो प्रवास पुन्हा एकदा करावा असं ह्यांच्या मनात कित्येक वर्षं होतं. बोट जुनी झाली आहे, आणखी एखाददुसरा हंगाम चालेल, मग भंगारात जाईल, असं सगळे म्हणत होते. आमची ती सहल होती. मी थर्मास, पत्ते आणि दोन कादंबऱ्या घेतल्या होत्या.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटली. रंगाचे थर एकावर एक चढून कठडे गुळगुळीत झाले होते आणि थर उडाला होता तिथं गंज दिसत होता. खालच्या डेकवर घट्ट वास होता: तेलाचा, माणसांचा, आणि सुक्या मासळीच्या टोपल्यांचा. माणसं सतरंज्या पसरून जागा धरत होती. वरच्या डेकवर आमच्यासाठी खुर्च्या होत्या, पण मी पाय मोकळे करायला खाली उतरले आणि गंगव्वा दिसली. टोपल्यांपासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन, पार पुढच्या टोकाला, ऊन लागेल याची पर्वा न करता तिनं मायाप्पाला निजवलं होतं.

मी त्याला ओळखलंच नसतं. गालफडं बसली होती आणि डोळे मोठे झाले होते. मला बघून त्यानं हात जोडले. "आक्का, ही बोट आमच्या मागासारखीच हाय बघा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ठोक, ठोक, ठोक. खाली खड्डा तेवढा लई खोल."

"बोलू नगा," गंगव्वा म्हणाली. "घसा दुखतोय, तरी थट्टा सुटंना."

त्यांच्या शेजारच्या सतरंजीवर निपाणीचा एक माणूस होता. नागोजी नाव, तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होता आणि मालकाच्या कामानं मुंबईला येऊन परत चालला होता. फार बोलका. तासाभरात त्यानं आजूबाजूच्या सगळ्यांना चिवडा वाटला होता आणि सगळ्यांची गावं विचारून घेतली होती. आपल्या भागाची माणसं भेटली म्हणून तो गंगव्वाला "मावशी" म्हणायला लागला होता. जेवणाच्या वेळी मी पुन्हा खाली गेले तेव्हा त्याच्याभोवती पाचसात माणसं जमली होती आणि तो बोटीच्या गोष्टी सांगत होता.

"माझा आजा रंगूनला गेलता बगा. बोटीवर मानूस मेला तर काय करत्यात ठावं हाय? गोनत्यात घालायचं, पायाला लोखंड बांधायचं, आनि भोंगा वाजवून द्यायचं सोडून. मासं वाटच बघत असत्यात."

"आता कुठं तसं असतंय?" कुणीतरी म्हणालं.

"तर! बोटीवर मढं ठेवायचं कुठं? कप्तानाचा कायदाच हाय तसा. घरच्यांनी रडून काय उपेग न्हाय."

लोक हसले. त्याच्या मनात काही नव्हतं. मागं आजारी माणूस आहे हे तो बोलण्याच्या नादात विसरला होता. मी गंगव्वाकडे बघितलं. ती चमच्यानं मायाप्पाच्या ओठांवर पाणी सोडत होती आणि तिचा हात तसाच थांबला होता.

दुपारनंतर वारा सुटला आणि बोट डुलायला लागली. ह्यांना कसंतरी व्हायला लागलं म्हणून मी वरच थांबले. संध्याकाळी रत्नागिरी आली. बोट धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात नांगर टाकते. किनाऱ्यावरून पडाव येतात आणि त्यांत माणसं उतरतात. मी कठड्याला टेकून ती गडबड बघत होते. खाली गंगव्वा दिसत होती. एक खलाशी तिच्याजवळ उकिडवा बसून काहीतरी विचारत होता, पडावाकडे हात दाखवत होता. गंगव्वा मान हलवत होती. तिनं मायाप्पावर चादर नीट ओढली, त्याच्या तोंडापर्यंत, आणि हात तिथंच ठेवला. खलाशी उठून गेला. पडाव भरले, परत गेले, नांगर वर आला. मी हे सगळं बघितलं आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला थर्मासमध्ये लिंबाचं सरबत घेऊन मी खाली गेले. पुढच्या टोकाला ती नव्हती. मला वाटलं ऊन उतरलं म्हणून जागा बदलली असेल. शोधत शोधत मागं गेले तर ती सुक्या मासळीच्या टोपल्यांना अगदी चिकटून बसली होती. वाऱ्याची दिशाही तिच्याच अंगावर. माझ्या अंगणात चहा पिणारी बाई बांगड्यांच्या टोपलीला खांदा लावून बसली आहे हे बघून मी थर्मास खाली ठेवला. मग मी मायाप्पाकडे बघितलं.

तो बसला होता. लोखंडी खांबाला पाठ लावून, मांडी घालून, ताठ. कंबरेभोवती आणि छातीभोवती साडी गुंडाळून खांबाला बांधली होती आणि वरून चादर पांघरली होती. हनुवटीखालून डोक्यावर मफलर घट्ट बांधला होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजे होते. कोकणातल्या माणसाला तो कानाला वारा लागू नये म्हणून मफलर बांधून बसलेला आजारी म्हातारा वाटला असता. मी शहापूरच्या गल्ल्यांतून जाता-येता दारात असं बसवलेलं माणूस कितीदा पाहिलं होतं.

मी तिच्याजवळ बसले. "कधी?"

"बंदर सुटल्यावर. आजाऱ्याला चालवत न्हेल्यावानी काखंत धरून हितवर आनलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "अंग ताठायच्या आत बसवाय लागतंय, आक्का. मग मांडी घालता येत न्हाय."

"गंगव्वा, कप्तानाला सांगायला हवं."

"पान्यात टाकतील."

"नाही टाकत. तो नागोजी काहीतरी बोलला. पुढच्या बंदरात उतरवतील."

"उतरवून काय करतील?"

अनोळखी बंदर, पोलीस, पंचनामा, इस्पितळ. तिच्याजवळ ना माणूस, ना पैसा. मुंबईच्या इस्पितळात तिनं दोन महिने काढले होते आणि ज्यांना घ्यायला कुणी येत नाही त्यांचं काय होतं ते पाहिलं होतं.

"जाळतील," तीच म्हणाली. "मातीत बसायचं मानूस हाय त्ये. घरी न्हेतो म्हनून सांगिटलंय मी त्याला."

मी वर जाऊन ह्यांना सांगितलं. हे वकील. "कळवलंच पाहिजे," म्हणाले आणि चपला घालून खाली आले. गंगव्वासमोर उभे राहिले. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्यांच्या पावलांकडे बघत राहिली, काही मागितलं नाही. ह्यांनी वाकून मायाप्पाच्या खांद्यावरची घसरलेली चादर नीट केली. मग म्हणाले, "पणजीला टॅक्सी बघतो," आणि वर निघून गेले.

नागोजीला कुणी सांगितलं नाही. निपाणीत राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. तो हातात चहाचा कप घेऊन आला, मायाप्पाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मग चहा समुद्रात ओतून तो मायाप्पाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला, खांद्याला खांदा लावून, आणि बोलायला लागला.

"काय आप्पा, सरबत घेनार? न्हाय? बरं, ऱ्हाऊ द्या. आमच्या वखारीत एक जन हाय तुमच्यावानी, काय इचारलं तरी हूं न्हाय का चूं न्हाय..."

माणसं येत-जात होती, टोपल्यांवरून पाय टाकत होती. एक म्हातारी थांबून म्हणाली, "आजोबांना निजवा की हो, बसून पाठ मोडेल." नागोजी म्हणाला, "आडवं झालं की धाप लागतीय, आजी." आणि पुन्हा मायाप्पाकडे वळून, "व्हय का न्हाय, आप्पा?" त्याचा आवाज हसरा होता आणि कानामागून घाम ओघळत होता. बोटीवरचे दिवे मंद झाले तरी तो बोलतच होता. गंगव्वा पंख्यानं वारा घालत होती.

सकाळी मांडवी नदीच्या मुखातून बोट आत शिरली. ह्यांनी कॅन्टीनमधली एक वेताची खुर्ची मागून आणली आणि दोन खलाशांना पैसे दिले. मायाप्पाला मांडी घातलेल्या अवस्थेतच, चादरीत गुंडाळून, खुर्चीत ठेवलं. "पाय खाली सोडा की, काका," एक खलाशी म्हणाला. "सांधं आखडल्यात त्येचं," नागोजी पटकन म्हणाला. "कवाचं धरलंय." खलाशानं दुसऱ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असणार. उचललेल्या माणसाचं वजन हातांना कळतं. पण धक्क्यावर पोचेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही.

नागोजीनं शहापूरला, कल्लाप्पाच्या ओळखीच्या एका साडीच्या दुकानात, ट्रंक कॉल लावला आणि "आप्पांना घेऊन येतायत, समदी तयारी ठेवा," एवढा निरोप दिला. मग तो एस.टी. स्टँडकडे गेला. टॅक्सीत जागाच नव्हती. पुढं ड्रायव्हरशेजारी हे बसले, मागं मी, मायाप्पा आणि गंगव्वा. आडवा माणूस त्या गाडीत मावला नसता.

अनमोडच्या घाटात प्रत्येक वळणाला तो माझ्या अंगावर कलायचा आणि पुढच्या वळणाला गंगव्वाच्या. मी त्याचा दंड धरून ठेवला होता. मे महिना होता. काचा उघड्या होत्या तरी ड्रायव्हर आरशातून सारखा मागं बघायला लागला. ह्यांनी सिगारेट पेटवून त्याच्या हातात दिली. ते स्वतः कधी ओढत नसत. प्रवासात कुणी मागितली तर असावी म्हणून ठेवत.

नाक्यावर दारू तपासायला गाड्या थांबवतात. "आत पेशंट आहे," हे म्हणाले. शिपायानं तरीही मागच्या खिडकीतून डोकं आत घातलं. विभूतीचे पट्टे, हनुवटीचा मफलर, घट्ट मांडी, असं सगळं त्यानं बघितलं. त्याच्या स्वतःच्या कपाळावरही पुसट विभूती होती. त्यानं गंगव्वाला कानडीत विचारलं, "कधी?"

"काल," ती म्हणाली.

तो मागं सरला आणि आडवा बांबू त्यानं स्वतःच वर केला. "ऊन वाढतंय. कुठं थांबू नका," असं ह्यांना सांगितलं.

शहापुरात कल्लाप्पानं खड्डा खणून घेतला होता, विधी करायला जंगम स्वामी येऊन बसले होते, आणि दारात विमान तयार होतं. विमान म्हणजे केळीच्या खुंटांची आणि फुलांची पालखी, तिच्यात बसवून नेतात. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून उभ्या होत्या. गंगव्वानं लावला नाही. तिनं मायाप्पाच्या अंगाची साडी सोडली, पाणी घातलं, पुन्हा विभूती लावली. गल्लीतले सगळे माग त्या दिवशी बंद होते. सूर्य मावळायच्या आत तो बापाच्या शेजारी, डाव्या हातात लिंग घेऊन, मातीत बसला.

त्यानंतर शहापुरात गंगव्वाचं नाव झालं. नवऱ्याला दर्यातून ओढून आणणारी बाई म्हणून लोक तिला बघायला यायचे. मठात एका समारंभात कुणीतरी तिची तुलना सावित्रीशी केली, तेव्हा ती उठून चालती झाली. लोकांना तो तिचा विनय वाटला.

आमच्याकडे ती येत राहिली. साड्या आता कल्लाप्पाच्या यंत्रमागावरच्या असायच्या. उलटी बाजू दाखवणं तिनं सोडलं होतं. एकदा मी स्वयंपाकघरात मासे साफ करत होते आणि मागं वळून बघते तर गंगव्वा उंबऱ्यात बसलेली. मी गडबडून हात धुवायला निघाले. "करा तुमचं," ती म्हणाली. "मला वास येत न्हाय आता. त्या टोपल्यांपास्नं काईच येत न्हाय." तेव्हापासून ती चहा आतच घ्यायला लागली.

आमचे हे सत्त्याऐंशी साली गेले. त्यानंतरच्या अमावास्येला गंगव्वा आली ती गाठोडं न घेता. आम्ही दोघी शेवग्याखाली बसलो. मी म्हणाले, "गंगव्वा, तू मायाप्पाला दिलेला शब्द तरी पाळलास. ह्यांना काय हवं होतं ते मला विचारताही आलं नाही. शुद्धच नव्हती."

तिनं चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मला इचाराय लागलं न्हाय. त्यानंच सांगिटलं."

"काय सांगितलं?"

"रत्नागिरीला त्यो खलाशी आलता. मानूस लई आजारी दिसतोय, पडावातनं उतरा, गावात सरकारी दवाखाना हाय म्हनला. त्यानं ऐकलं. डोळं उघडलं आनि मला म्हनला, उतरीव. जमिनीवर उतरीव मला."

मला कठड्यावरून दिसलेली चादर आठवली. तोंडापर्यंत ओढलेली, आणि त्यावरचा हात.

"मी म्हनलं, घरी जायाचं हाय. हितं आपलं कोन हाय? हितं मेलासा तर जाळतील. त्यो म्हनला, कुठली बी असू दे, जमीन असू दे, पान्यावर नगं. पुन्हा म्हनला. खलाशाला ऐकू जाईल म्हनून मी त्वांड दाबलं. हातानं. चादरीवरनं. खलाशाला म्हनलं, झोपलाय." तिनं तो हात मांडीवर उलटा ठेवला होता. "लई जोर न्हवता त्याला. पडाव जाईस्तवर दाबून धरलं. काडलं तवा बघत हुता माझ्याकडं. मग बोलला न्हाय. पानी बी घेटलं न्हाय. बोट हालली आनि थोड्या वेळानं गेला."

"डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं होतं, गंगव्वा. तो राहणारच नव्हता."

"ते मला बी ठावं हाय," ती म्हणाली. "पर ते न्हवं."

तिनं चहा संपवला, पेला धुवून पालथा घातला आणि ती गेली.

एकोणनव्वदच्या पावसाळ्याआधी ती निपाणीला मुलीकडे गेली होती. ही मुलगी बायाक्का, विड्या वळणाऱ्या वस्तीजवळ राहते. तिथं तिला अर्धांगाचा झटका आला. निरोप मिळताच कल्लाप्पा जीप करून गेला. तोंड वाकडं झालं होतं, पण बोलणं कळत होतं. जीपमध्ये गादी अंथरली आहे, आई, दोन तासांत आपल्या घरी जाऊ, असं त्यानं सांगितलं. ती नको म्हणाली. त्याला वाटलं, तिला कळलं नसेल. त्यानं शहापूरचं नाव घेतलं, अप्पांच्या शेजारची जागा म्हणाला. तिनं त्याचं मनगट धरलं आणि रत्नागिरीची सगळी गोष्ट, वाकड्या तोंडानं, थांबत थांबत, त्याला सांगितली. मला सांगितली होती तशीच.

"त्याच्या शेजारी कोनत्या तोंडानं बसू?" ती म्हणाली. "हितं जीव जातोय तर हितंच बसीव मला. कुठली बी असू दे."

बायाक्का रडत होती. गल्लीतली माणसं जीपभोवती जमून म्हणत होती की पोरानं आता उशीर करू नये, आईला उचलून आत घालावं. आजारी माणसाचं काय ऐकायचं. ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं होतं. कल्लाप्पा मला म्हणाला की बाहेर येऊन तो क्षणभर उभा राहिला, आणि आत आई त्याच्याकडे बघत होती.

त्यानं जीप परत पाठवली.